शिवी ऐकू येईल इतक्या अंतरावरून

“गेटच्या आत सर. गेटच्या बाहेर काका. गडबड करायची नाही.”

पास सेक्शनमधल्या माझ्या पहिल्या दिवशी त्यांनी मला एवढंच सांगितलं आणि पुढचे तीन तास काही बोललेच नाहीत. मी भोपाळच्या पिपलानी टाउनशिपमध्ये मावशीच्या क्वार्टरमध्ये राहायला आले होते आणि हे आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचे. त्याच सकाळी मी त्यांच्याकडून विरजण घेऊन आले होते. तेव्हा चांगलं ‘काका’ म्हटलं होतं, त्यांनीही ‘ये ये’ केलं होतं. दोन तासांनी ऑफिसात मी परत ‘काका’ म्हटलं, तर ते असे बघायला लागले, जसं मी रस्त्यावरच्या भलत्याच माणसाशी नातं लावतेय.

मी मुलताईची. शाळा तिथलीच. शाळेत मला एकच विषय नीट यायचा, तो म्हणजे नक्कल. आवाजाची नक्कल, बरं का, परीक्षेतली नाही. हेडमास्तर, पीटीचे सर, बसचा कंडक्टर, सगळे माझ्या गळ्यात होते. पुढे टायपिंग शिकले आणि मावशीच्या ओळखीने भोपाळला या सरकारी कारखान्यात टेंपररी टायपिस्ट म्हणून चिकटले. पास सेक्शन म्हणजे मेन गेटजवळची एक लांबट खोली. कारखान्यात जाणाऱ्या प्रत्येक माणसाचा फोटो तिथे निघायचा, पास तिथे बनायचा. फोटो काढणारे सर. पास टाइप करणारी मी.

खोलीत एक पांढरी भिंत, भिंतीपुढे स्टूल, स्टुलावर माणूस आणि माणसाच्या हातात नंबराची पाटी. सर कॅमेऱ्यामागून म्हणायचे, “हिलने का नहीं. हसने का नहीं. सोचने का भी नहीं.” खटक. “उठने का.”

मूळचे ते साताऱ्याकडचे. भोपाळात वीस वर्षं काढलेली, पण हिंदी अशी की जणू कालच गाडीतून उतरले आणि सामान अजून फलाटावरच आहे. मराठी मात्र स्वच्छ, तोलून-मापून. आमच्या घरात ‘फुरसत नाही’, ‘मतलब काय’, ‘जल्दी कर’ असली मराठी चालायची. ती ऐकून ते चेहरा करायचे नाहीत, फक्त त्यांचा एक कान थोडासा मागे जायचा. मी खरंच सांगते, जायचा. मी ते आरशासमोर पुष्कळ करून पाहिलं, मला जमलं नाही.

“पासावरचा चेहरा त्या माणसाचा नसतो,” एकदा ते म्हणाले. “हवालदाराला ओळखू यावा म्हणून तो तेवढ्यापुरता मेलेला असतो.”

“मग खरा कुठे असतो, सर?”

“सुटीनंतर,” ते म्हणाले. “चल, पुढचा नंबर घाल.”

सुटीनंतरचे काका म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. घरी यायचे, चहा प्यायचे, स्वतःचा कॅमेरा गळ्यात अडकवायचे, घडीची खुर्ची स्कूटरच्या पायाशी ठेवायचे आणि निघायचे. कधी पिपलानीचा बाजार, कधी सोनागिरी, कधी एकदम जवाहर चौक. तिथे ओळखीपाळखीच्या नसलेल्या माणसांचे फोटो काढायचे. त्यांना न सांगता. म्हणजे काढायच्या आधी न सांगता.

आता मुलताईहून आलेल्या मुलीला रस्त्यावर बघणारे पुरुष दोन प्रकारचे माहीत असतात. सरळ बघणारे, आणि आपण बघतच नाही असं दाखवून बघणारे. त्यामुळे काकांचा हा उद्योग कळल्यावर मी मावशीला म्हटलं, “हे शेजारचे काका ठीक आहेत ना?” मावशी म्हणाली, “तू एकदा त्यांच्यासोबत जाऊन बघ. कंटाळून मरशील.”

गेले. आणि खरंच मेले कंटाळून. काका सोनागिरीच्या चौकात एका पानटपरीजवळ खुर्ची उघडून बसले. कॅमेरा पोटावर, उघडा, लेन्सला झाकण नाही. दीड तास बसले. एकही फोटो काढला नाही.

“काका, रोल नाही का?”

“आहे.”

“मग?”

“आज पहिला दिवस आहे. आज ते मला बघणार.”

आणि बघत होतेच सगळे. पानवाला तर शेवटी येऊन उभाच राहिला. “को खां, सर्वे वाले हो क्या? दुकान-वुकान तो नईं हटा रहे?”

“नहीं. मैं फोटू निकालता है.”

“किसका?”

“अभी मालूम नहीं.”

दुसऱ्या दिवशी लोकांनी थोडं कमी बघितलं. तिसऱ्या दिवशी पानवाल्याने यांच्याकडेच सुटे मागितले. काका माझ्याकडे वळून म्हणाले, “आता झालं. आता मी खांब झालो.” आणि त्या संध्याकाळी पहिला फोटो काढला, एका म्हाताऱ्या शिंप्याचा, जो सुईत दोरा ओवताना जीभ बाहेर काढायचा.

लोक म्हणायचे, तुम्ही लांबून ओढून आणणारी ती मोठी लेन्स का घेत नाही? कुणाला कळणारही नाही. काका म्हणायचे, “कळू नये असं मी काय करतोय? फोटो अशा अंतरावरून काढायचा, की त्याने शिवी दिली तर आपल्याला ऐकू आली पाहिजे.”

ऐकू यायच्या. भोपाळची शिवी लहान नसते, तिला आगापीछा असतो. काका पूर्ण ऐकून घ्यायचे.

फोटो निघाला की दुसऱ्या सेकंदाला खुर्चीवरून उठायचे, त्या माणसाजवळ जायचे, दोनदा खाकरायचे आणि म्हणायचे, “आपका एक फोटू निकाल्या हमने. रखने का, कि फाडने का?” समोरचा आधी गोंधळायचा. मग बहुतेक जण म्हणायचे, रखो भाई, अपने को क्या. मग आठवड्याभरात त्याला फोटोची एक प्रत नेऊन द्यायचे आणि एका लांब वहीत त्याची सही घ्यायचे. ही वही म्हणजे हुबेहूब पास सेक्शनचं रजिस्टर. पट्टीने आखलेले रकाने: क्रमांक, तारीख, वेळ, जागा, सही. कारखान्याच्या गेटवर भेटायला येणाऱ्यांची जशी नोंद व्हायची, अगदी तशीच. फक्त नावाचा रकाना नाही. “नाव विचारलं की त्याचा पास झाला,” ते म्हणायचे. कुणाला सही येत नसेल तर अंगठा. शाईचा पॅड खिशात. पिपलानीच्या बाजारात एका भाजीवालीने विचारलं होतं, “साब, जमीन तो नईं लिखवा रये?”

काही फोटो ते काढायचेच नाहीत. झोपलेल्या माणसाचा नाही. दवाखान्याबाहेर बसलेल्याचा नाही. हात पसरून बसलेल्याचा तर कधीच नाही. मी म्हटलं, असल्या फोटोंना तर बक्षिसं मिळतात. ते म्हणाले, “ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याचा फोटो मी काढत नाही.” आणि वळून स्कूटरला किक मारायला लागले. त्यांची स्कूटर चौथ्या किकला सुरू व्हायची. त्यामुळे मोठं वाक्य बोलून तडक निघून जाणं त्यांना कधी साधलं नाही.

आणि कुणी ‘फाडने का’ म्हटलं तर? हे मला एकदा स्वतःच्याच करणीने कळलं.

बस स्टॉपवर उभी होते. चपलेचा अंगठा तुटला होता, म्हणून एका पायावर उभं राहून सेफ्टी पिन लावत होते, दुसरी पिन दातात. समोर काका. खटक. उठले, आले, माझ्यासमोर उभं राहून दोनदा खाकरले, जणू मला कधी पाहिलंच नाही. “तुझा एक फोटो काढला. ठेवायचा की फाडायचा?”

मला आली लहर. दातातली पिन काढून मी त्यांच्याच सुरात म्हटलं, “फाडने का.”

त्यांनी कॅमेऱ्याची पाठ उघडली, आतला रोल बाहेर ओढला आणि उन्हात धरला. सगळा. हातभर लांब ती पट्टी वाऱ्यावर हलत होती. तिच्यावर आणखी तीसएक लोक होते, चार दिवसांच्या संध्याकाळी होत्या.

“काका! मी गंमत केली!”

“मला कसं कळणार?”

“अहो, नुसता छापला नसता तरी चाललं असतं ना!”

“आणि मी छापला नाही, हे तुला कसं कळणार?”

मला वाटलं, रागावतील, निदान विचारतील तरी की नाही का म्हणालीस. काही नाही. कुणी नाही म्हटलं, तर का नाही, हे ते कधीच विचारायचे नाहीत. खिशातून नवा रोल काढून भरायला लागले. संध्याकाळी काकू मावशीला सांगत होत्या, “बरं झालं गं बाई. या रविवारी बाथरूम रिकामी मिळेल.” काकांची डार्करूम म्हणजे त्यांच्या क्वार्टरची बाथरूम. रविवारी ते खिडकीला काळं कापड लावून आत बसायचे आणि काकू टॉवेल खांद्यावर टाकून आमच्याकडे आंघोळीला यायच्या.

कॅन्टीनमध्ये मी काकांची नक्कल करायची, हे सांगायला नकोच. टिफिनचा डबा पोटावर धरायचा, दोनदा खाकरायचं, “आपका एक फोटू निकाल्या हमने.” टेबलं वाजायची. फाउंड्रीचे लोक मुद्दाम आमच्या जेवणाच्या वेळेला यायचे. माझी हिट म्हणजे दोनच: एक काका आणि दुसरे क्रेनवाले चाचा.

क्रेनवाले चाचा सागरकडचे, बुंदेलखंडी. मोठ्या शेडमधली वरची क्रेन चालवायचे. दिवसभर उंचावर एकटे, म्हणून खाली आले की बोलायचे ते हळू, जाड आवाजात, शब्द एकेक करून दोराने खाली सोडल्यासारखे. पास सेक्शनला आले की खिडकीत कोपर टेकून, “हओ... तो बिटिया... हमाओ पास... बन गओ का?” एवढं म्हणेपर्यंत मी पास टाइप करून सही घेऊन यायची. त्या वर्षी क्रेनच्या शिडीवरून उतरताना त्यांची कमर भरली आणि डॉक्टरांनी दोन महिने आराम लिहून दिला. मेडिकल लीव्ह. कारखान्यात त्यांच्या नावावर आधीच दोन वॉर्निंगा होत्या, सुटी एका कारणाची घेऊन काम दुसरंच केल्याबद्दल. तिसऱ्यांदा सापडले तर नोकरी जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि नोकरी गेली की क्वार्टरही महिन्याभरात खाली. टाउनशिपमध्ये ही दोन वेगवेगळी वाक्यं नसतात.

त्याच वर्षी टाउनशिपच्या क्लबने काकांना सांगितलं, वर्धापन दिनाला तुमचे फोटो लावा. वीस वर्षांत पहिल्यांदा. काका तीन आठवडे बाथरूममधून बाहेर नव्हते. चाळीस फोटो निवडले आणि त्या चाळीस जणांकडे परत जाऊन विचारलं, क्लबमध्ये लावू का? दोघं नाही म्हणाले. अडतीस लागले.

त्यात एक फोटो असा होता, की लोक त्याच्यापुढून हलत नव्हते. सोनागिरीच्या एका पिठाच्या चक्कीवर एक माणूस खांद्यावर गव्हाचं पोतं घेऊन उभा. नखशिखांत पांढरा. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यांवरसुद्धा पीठ. आणि तो हसतोय. कशावर, माहीत नाही. त्या पांढऱ्या चेहऱ्यातून फक्त हसू बाहेर आलेलं. मला फोटोतलं काही कळत नाही, पण मी दोनदा फिरून त्याच्याकडे परत आले. खाली चिठ्ठी: ‘सोनागिरी, चक्की.’ बस.

आमच्या कॅन्टीनचा घोळका जमला होता. “कौन है यार ये?” “कोई भूत है.” “नहीं रे, कहीं तो देखा है.”

आणि मला दिसलं. मान थोडी डावीकडे, एक डोळा बारीक. हीच मान मी खिडकीत कितीदा तरी बघितली होती. मग मी काय केलं? मला जे येतं ते केलं. पुढे झाले, फोटोशेजारी उभी राहिले, हवेत कोपर टेकलं आणि जाड आवाज काढला, “हओ... तो बिटिया... हमाओ आटा... पिस गओ का?”

अख्खा हॉल हसला. इतकी जबरदस्त दाद मला मुलताईपासून तोपर्यंत मिळाली नव्हती. मागे पर्सोनेलचे साहेब उभे होते, तेही हसले. पोट धरून हसले. मग हळूहळू थांबले. चष्मा पुसून फोटोजवळ गेले.

“ये तो वही क्रेनवाला है ना?” ते म्हणाले. “ये तो मेडिकल पे है. कमर में.”

सगळे पोत्याकडे बघत होते. मीही.

काका कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. ते उठले, फोटो भिंतीवरून काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि बाहेर गेले. मी मागे. त्यांनी ‘चल’ म्हटलं नाही, ‘येऊ नकोस’ही म्हटलं नाही. चार किका झाल्या. मी मागे बसले. वाटेत त्यांनी घरून पिशवी आणि वही घेतली.

चक्की चालू होती. चाचा कोपऱ्यात पोत्यांच्या तोंडांना दोरा घालत होते. त्यांचा साळा दवाखान्यात होता आणि लग्नसराई, त्यामुळे त्याची चक्की हे बघत होते. कमर खरंच किती दुखत होती ते मला ठाऊक नाही. काकांनी त्यांना बाजूला घेतलं आणि क्लबमध्ये काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. साहेबांनी ओळखलं, एवढंच. कसं ओळखलं, ते सांगितलं नाही. मी पोत्यांच्या मागे उभी होते.

चाचा खाली बसले. “साब, मैंने तो सोचा आटे में कौन पहचानेगा.”

“मैंने भी वही सोचा,” काका म्हणाले. “अभी बोलो. रखने का, कि फाडने का?”

“अब तो... फाड दो साब.”

काकांनी पिशवीतून निगेटिव्हची पट्टी काढली. सहा फोटोंची. पोतं शिवायची कात्री पडली होती, तिने त्या एका माणसाचा तुकडा बरोबर कापून काढला, बाकीचे पाच परत पिशवीत ठेवले. तो तुकडा चाचांच्या हातात दिला. मग तो मोठा फोटो फाडला, चार तुकडे करून तेही दिले. मग वही काढली आणि त्या नोंदीवर पट्टी ठेवून दोन रेघा मारल्या. हे सगळं करायला त्यांना तीन-चार मिनिटं लागली. मी नीट बघत होते.

परत येताना पिपलानीचा चढ आला तेव्हा मी मागून म्हटलं, “काका, माझं चुकलं.”

“नक्कल उत्तम होती,” ते म्हणाले. “म्हणून तर ओळखला.”

चढावर त्यांनी गिअर बदलला. मग म्हणाले, “पण नाही म्हणायला तो तिथे नव्हता.”

चार दिवसांनी चौकशी बसली. एक टेबल, पर्सोनेलचे साहेब, समोर सर आणि बाजूला टाइपरायटरवर मी, कारण त्या दिवशी दुसरा टायपिस्ट रजेवर होता. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनाही फाइल बंद करून जेवायला जायचं होतं.

“फोटो कहां है?”

“फाड्या.”

“निगेटिव?”

“काट्या.”

“क्यों?”

“उसने बोल्या.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. “देखिए,” ते म्हणाले, “मुझे बस इतना बता दीजिए कि फोटो किस तारीख का था. छुट्टी के पहले का था तो कोई बात ही नहीं. और अगर आपको याद नहीं, तो वो भी चलेगा. बीस साल में हजारों फोटो खींचे होंगे, कौन याद रखता है? मैं लिखवा देता हूं.” आणि मला डिक्टेशन दिलं, “लिखो. मुझे दिनांक स्मरण नहीं है.”

मी टाइप केलं. इतक्या वेगाने मी कधीच टाइप केलं नव्हतं. ओळ पूर्ण करून कागद काढला आणि सरांपुढे ठेवला. बस, सही करायची होती. चाचा वाचले, सर वाचले आणि खरं सांगते, मीही वाचले.

सरांनी चष्मा लावला. वाचलं. खिशातलं पेन काढलं आणि ‘नहीं’ या शब्दावर एक सरळ रेघ मारली. मग पुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘लेकिन बताने का नहीं है.’ आणि खाली सही.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. “आपको मालूम है इसका क्या होगा?”

“हां.”

“तो रजिस्टर दिखा दीजिए. सुना है आप रजिस्टर रखते हैं.”

“वो फॅक्टरी का नहीं है. लोगों का है.”

“एक शब्द के लिए?” साहेब जवळजवळ विनवायला लागले होते. “अरे, लिख दीजिए ना याद नहीं!”

“याद है,” सर म्हणाले.

झालं ते असं झालं: तारीख सिद्ध झाली नाही, म्हणून चाचांवरची केस बंद. सोमवारी ते कमरेला पट्टा बांधून ड्यूटीवर हजर. सरांना मात्र मेमो मिळाला, चौकशीत सहकार्य केलं नाही म्हणून एक इन्क्रिमेंट थांबलं आणि बदली झाली स्क्रॅप यार्डात. कारखान्याच्या पार मागच्या टोकाला. तिथे ना चेहरे ना पाटी, नुसते लोखंडाचे ढीग. पास सेक्शनमध्ये दुसरा माणूस आला. तो म्हणायचा, “स्माइल प्लीज.” गेटवरच्या हवालदारांना त्याने हैराण करून सोडलं.

चाचा एकदा खिडकीत आले. कोपर टेकलं. “हओ... तो बिटिया...” मी पास काढायला वळले. म्हणाले, “पास नईं चइये. सुनो है तैं हमाई आवाज निकारत है.”

माझ्या हातातून कार्बन पडला. मी सगळं सांगून टाकलं. क्लब, कोपर, आटा, सगळं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “निकार के सुना.”

मी काढून दाखवला. त्यांच्या तोंडासमोर, हळू आवाजात. ते अगदी गंभीरपणे ऐकत होते, पासाच्या फोटोला बसतात तसे. मग म्हणाले, “हम इत्ते धीरे बोलत हैं?”

“हओ,” मी म्हटलं.

“फिर से कर तो.”

दुसऱ्यांदा केलं, तेव्हा ते हसायला लागले. ते हसू मी आधी एकदा पाहिलं होतं, पिठातून. म्हणाले, “करो कर. पर हमाई घरवारी के आगे नईं. ऊ समझहै हम ड्यूटी छोड़ के आ गए.”

हे काकांना कधी एकदा सांगते असं मला झालं. संध्याकाळी त्यांना शोधत जवाहर चौकात गेले. दोन बस बदलून. ते खुर्ची उघडून बसले होते, चौकातला त्यांचा दुसरा दिवस असावा, कारण लोक अजून थोडे थोडे बघत होते. मी सगळं सांगितलं, आवाजासकट. त्यांनी ऐकून घेतलं. “बरं झालं,” म्हणाले.

मग चौकाकडे बघतच म्हणाले, “माझीही करतेस म्हणे.”

“करते,” मी म्हटलं.

“दाखव.”

तिथे, फुटपाथवर. टिफिन नव्हता, पर्स पोटावर धरली. दोनदा खाकरले. सुरुवातीला आवाज नीट लागेना, मग लागला. पास सेक्शन केला, सोनागिरीचा पानवाला केला, भाजीवालीचा अंगठा केला, चार किका केल्या. काहीच सोडलं नाही. बाजूला दोन-तीन माणसं थांबली, हसली, गेली. काका बघत होते, रस्त्यावरच्या माणसांकडे बघायचे तसे. पापणी न हलवता.

माझं झालं. मी म्हटलं, “काका, करत जाऊ की नको?”

त्यांनी थोडा विचार केला. “छान आहे. अगदी मीच आहे,” ते म्हणाले. “पण नको.”

मी पर्स खांद्याला अडकवली आणि खुर्चीच्या बाजूला कठड्यावर बसले. का नको, ते मी विचारलं नाही.

काका रिटायर होऊन साताऱ्याकडे गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अजून कुठे लग्नकार्यात जुने कारखान्यातले लोक भेटले, की मला धरतात. “अरे, वो फोटूवाले साब की कर ना! आती है कि भूल गई?”

“आती है,” मी म्हणते. “करने की नहीं है.”